जुने बाँडपट घरच्या पडद्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉन कॉनरीचे बाँडपट मी थिएटरात पाहिले नाहीत. ते आमच्याकडे आले १९८०च्या दशकात, भाड्याच्या व्हीसीआरबरोबर. एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायच्या, आळीतल्या चार घरांनी वर्गणी काढायची आणि सकाळी सगळं परत करायचं. तीनपैकी एक कॅसेट इंग्रजी असायची. ती सगळ्यात शेवटी, मोठी माणसं पेंगायला लागल्यावर लागायची. पुढे हेच चित्रपट मी व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रेवर पुन्हा पुन्हा घेतले. भाचे, त्यांचे मित्र, ऑफिसातले सहकारी जे प्रश्न विचारत आले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः १९६२ ते १९७१ या काळातल्या चित्रपटांबद्दल आहेत, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

गोष्ट माहीत असताना हे चित्रपट पुन्हा का पाहायचे?

गोष्टीसाठी नाहीच. गोष्ट पहिल्यांदा पाहतानाच कळते: जगावर संकट येणार आणि बाँड ते टाळणार. पुन्हा पाहायचं ते काम, माणसांनी हातांनी केलेलं काम. थिएटरात ते डोळ्यांसमोरून निघून जाई. घरी पॉझचं बटण आलं आणि ते दिसायला लागलं.

अगदी पहिल्या दृश्याचंच घ्या. पांढऱ्या वर्तुळात चालत येणारा, वळून गोळी झाडणारा माणूस. ‘डॉ. नो’मध्ये तो कॉनरी नाहीच. तो आहे स्टंटमन बॉब सिमन्स, आणि तेच चित्रीकरण पहिल्या तिन्ही चित्रपटांत वापरलं गेलं. १९६५च्या ‘थंडरबॉल’पासून चित्रपट रुंद पॅनाव्हिजन चौकटीत गेले, जुनं चित्रीकरण त्या चौकटीत बसेना, म्हणून ते नव्याने करावं लागलं. तेव्हा कुठे कॉनरी स्वतः त्या वर्तुळात आला. चित्र थांबवून दोन्ही शेजारी ठेवले की टोपीखालचा माणूस वेगळा आहे हे लहान मूलही सांगेल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं होतं.

‘डॉ. नो’मध्येच खलनायकाच्या समुद्राखालच्या दालनात बाँड जिना चढता चढता एका चित्रापाशी क्षणभर थबकतो. ते गोयाने काढलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं व्यक्तिचित्र आहे. ऑगस्ट १९६१मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चोरीला गेलं होतं आणि चित्रपट ऑक्टोबर १९६२मध्ये लागला तेव्हाही सापडलेलं नव्हतं. लंडनच्या प्रेक्षकांना रोजच्या पेपरातली चोरी पडद्यावर उलगडलेली दिसली. चित्र पुढे १९६५मध्ये परत मिळालं. आमच्या कॅसेटवर त्या जागी नुसता तपकिरी डाग दिसायचा. ब्लू-रेवर गोया दिसतो.

किंवा ‘गोल्डफिंगर’मधलं लेझरचं टेबल. खरा लेझर कॅमेऱ्यात नीट दिसेना, म्हणून लाल किरण नंतर चित्रावर चढवला. टेबल मात्र खरंच कापलं जात होतं: खाली बसलेला तंत्रज्ञ गॅसच्या ज्योतीने ते कापत कॉनरीच्या पायांकडे येत होता. हे कळल्यावर कॉनरीच्या कपाळावरचा घाम बघा. त्या प्रसंगाची भीती माहितीने कमी होत नाही, वाढते.

सुरुवात कुठून करावी?

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’, १९६३. लोक ‘गोल्डफिंगर’ सांगतात आणि त्यांचंही चुकत नाही. पण हेरपट म्हणून हा सर्वांत कसलेला आहे: इस्तंबूल, ओरिएंट एक्सप्रेस आणि रेल्वेच्या चिंचोळ्या डब्यात कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांची मारामारी. त्या मारामारीत पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते फक्त श्वास, धक्के आणि गाडीचा खडखडाट. संकलक पीटर हंट यांनी ती इतक्या तुकड्यांत कापली आहे की आजच्या मारामाऱ्यांचं मूळ तिथे सापडतं.

याच चित्रपटात करीम बे झालेले पेद्रो आर्मेंदारिझ चित्रीकरणाच्या वेळी कर्करोगाने आजारी होते. जून १९६३मध्ये, चित्रपट लागण्याआधीच, ते गेले. पडद्यावरचा त्यांचा मोकळा, गडगडाटी आनंद हे ठाऊक असताना पाहणं जड जातं, पण पाहावं.

कॅसेटवर पाहिलेला चित्रपट आणि आजचा चित्रपट एकच का?

गोष्ट एकच, चित्र नाही. जुन्या टीव्हीची चौकट ४:३ (रुंदी:उंची) होती. ‘थंडरबॉल’, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ आणि ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ यांची चौकट मात्र साधारण २.३५:१. एवढं रुंद चित्र उभट काचेत भरायचं तर कडा छाटाव्याच लागतात. हिशेब मांडला तर जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं. कॅसेट तयार करताना कुणीतरी बसून ठरवायचं की या क्षणी डावीकडचा माणूस दाखवायचा की उजवीकडचा. दोन माणसं बोलत असतील तर पडद्यावर एकाचं नाक आणि मधला फुलदाणीचा रंग.

सगळ्यात जास्त मार बसला तो केन ॲडम यांच्या नेपथ्याला. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी त्यांनी पाइनवुड स्टुडिओच्या आवारात ज्वालामुखीचं आख्खं पोट उभारलं: सरकतं छत, क्षेपणास्त्राचा तळ, आत हेलिकॉप्टर उतरण्याची जागा. त्या एका सेटला सुमारे दहा लाख डॉलर लागले. ‘डॉ. नो’ हा संपूर्ण चित्रपटच साधारण तेवढ्यात झाला होता. आणि आम्ही कॅसेटवर काय पाहिलं? एक करडी भिंत आणि पळणारे हेल्मेटवाले. त्या सेटची रुंदी मला पहिल्यांदा दिसली ती डीव्हीडीवर. तो चित्रपट मी वर्षानुवर्षं सामान्य समजत होतो. चूक चित्रपटाची नव्हती.

पहिले तीन चित्रपट कमी रुंदीच्या चौकटीत आहेत, त्यामुळे त्यांचं कॅसेटवर त्या मानाने कमी नुकसान झालं. माझ्या पिढीला तेच तीन जास्त आवडतात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

मग टीव्हीवर खाली-वर काळ्या पट्ट्या दिसल्या तर झूम करायचं का?

नाही. त्या पट्ट्या म्हणजे चित्र पूर्ण असल्याची खूण. झूम केलंत की पुन्हा कॅसेटच्या काळात गेलात.

लहानपणी पाहिलेला चित्रपट लवकर संपायचा असं आठवतं. भास आहे का?

भास नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चित्रित होतो. आपल्याकडची ‘पाल’ नावाची टीव्ही पद्धत सेकंदाला २५ दाखवायची. सोपा मार्ग म्हणून चित्रपटच चार टक्के जलद चालवत. ११० मिनिटांचा ‘डॉ. नो’ त्यामुळे साडेचार मिनिटं आधी संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित पातळ व्हायचे. कॉनरीचा खर्ज मला ब्लू-रेवर पहिल्यांदा ऐकू आला, कारण तिथे वेग मूळचा २४ आहे. जॉन बॅरी यांच्या संगीतात तर हा फरक लगेच जाणवतो: तुतारीसारखी ती पितळी वाद्यं आपल्या खऱ्या पट्टीत, खऱ्या वजनाने वाजतात.

व्हीसीडी अजून कपाटात आहेत. ठेवू का?

आठवण म्हणून ठेवा. पाहायला त्या कॅसेटइतक्याच धूसर आहेत, आणि एका सीडीवर सुमारे ७४ मिनिटंच मावत असल्यामुळे चित्रपट मध्येच तोडून दुसऱ्या सीडीवर जातो. आमच्या ‘गोल्डफिंगर’ची पहिली सीडी ऐन रंगात असताना संपायची. मध्यंतर म्हणून चहा व्हायचा, तेवढाच फायदा.

चित्रपट ‘रिस्टोअर’ केला म्हणजे नेमकं काय केलं?

२००६ साली ‘अल्टिमेट एडिशन’ नावाने डीव्हीडीचा संच आला, त्यामागे कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथल्या जॉन लाउरी यांच्या कंपनीचं काम होतं. अपोलो मोहिमेतून १९७२ साली चंद्रावरून आलेली टीव्ही चित्रं स्वच्छ करून देणारा हाच माणूस. त्यांनी कॉनरीच्या काळातल्या मूळ निगेटिव्ह चार हजार बिंदूंच्या रुंदीने स्कॅन केल्या. मग शेकडो मॅक संगणक जोडून धूळ, ओरखडे, थरथर, रंगाची चढ-उतार हे सगळं एकेका चित्रातून काढलं.

एकेका चित्रातून म्हणजे किती? ‘डॉ. नो’ ११० मिनिटांचा. सेकंदाला २४ चित्रं धरली तर एका चित्रपटाची दीड लाखाहून जास्त. पूर्वी बाजारात मिळणाऱ्या प्रती थिएटरात फिरून झिजलेल्या किंवा प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या असत. इथे ते थेट कॅमेऱ्यातून गेलेल्या फिल्मपर्यंत पोचले. डीव्हीडीत या मेहनतीचा थोडाच भाग मावत होता. २००८पासून ब्लू-रे आले तेव्हा तीच मेहनत नीट दिसली. २०१२मध्ये पन्नाशीनिमित्त बावीस चित्रपटांचा ब्लू-रे संच निघाला आणि २०२५मध्ये कॉनरीच्या सहा चित्रपटांचा ४के संच.

माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. साफसफाई करताना काही ठिकाणी फिल्मचा मूळ रवाही पुसला गेला आहे. रवा म्हणजे घाण नव्हे. तो फिल्मचा पोत आहे, खादीला असतो तसा. तो फार पुसला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. म्हणून टीव्हीतली ‘नॉइज रिडक्शन’ आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय दोन्ही बंद करा. उरलेला रवा तरी वाचेल.

आवाज मूळचा ऐकावा की ५.१?

साठच्या दशकातले हे चित्रपट एकाच वाहिनीच्या आवाजात, म्हणजे मोनोमध्ये तयार झाले. बहुतेक ब्लू-रेवर मूळ मोनो आणि नवा ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा, दोन्ही असतात. पहिल्यांदा पाहताना मोनो निवडा. ‘गोल्डफिंगर’ला ध्वनिपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं ते त्याच मोनो आवाजासाठी, नॉर्मन वॉनस्टॉल यांना. नंतर हौस म्हणून ५.१ ऐका.

आवाजाचाच विषय आहे तर: ‘डॉ. नो’मध्ये समुद्रातून येणाऱ्या उर्सुला आंद्रेसचा आवाज तिचा नाही, निकी व्हॅन डर झील या कलावतीचा आहे. गोल्डफिंगर झालेले जर्मन नट गर्ट फ्रोबे यांनाही दुसऱ्याने आवाज दिला, मायकेल कॉलिन्स यांनी. ओठ नीट पाहिलेत तर कळेल.

जुन्या लेझरडिस्कसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

लेझरडिस्क म्हणजे डीव्हीडीच्या आधीची, थाळीएवढी चकती. पैसे चित्रासाठी नव्हे, बोलण्यासाठी. १९९१ साली क्रायटेरियन कंपनीने पहिल्या तीन चित्रपटांच्या लेझरडिस्क काढल्या आणि त्यांवर चित्रपटाबरोबर ऐकता येईल असं दिग्दर्शक, संकलक आणि इतर मंडळींचं बोलणं टाकलं. माणसं जुन्या सहकाऱ्यांबद्दल फार मोकळेपणाने बोलली. निर्मात्यांना ते रुचलं नाही आणि त्या डिस्क बाजारातून मागे घेतल्या गेल्या. ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती राहिली त्यांच्याकडे ठेवा राहिला. साठ वर्षांपूर्वीच्या कामाची आठवण काढणारी ती बहुतेक माणसं आता हयात नाहीत, म्हणून ते बोलणं मोलाचं.

संचात दोन चित्रपट कमी का?

कारण ते ईऑन या मूळ निर्मितीसंस्थेचे नाहीत. १९६७चा ‘कसिनो रोयाल’ ही डेव्हिड निव्हन आणि पीटर सेलर्स यांची विनोदी उलथापालथ. दुसरा १९८३चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’: कॉनरी बारा वर्षांनी परतला, पण ‘थंडरबॉल’च्या गोष्टीचे हक्क निर्माते केव्हिन मॅक्लोरींकडे असल्यामुळे तो वेगळ्या घरात बनला. पुढे दोन्हींचे हक्क एमजीएम या हॉलिवुडच्या कंपनीकडे आले आणि २०२२मध्ये एमजीएमच ॲमेझॉनकडे गेली. तरी ईऑनच्या संचात हे दोन सहसा नसतात, सुटे घ्यावे लागतात.

अमेरिकेतल्या भावाने डिस्क पाठवली तर इथे चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि लोक पैसे घालवून बसल्यावर येतो. डीव्हीडीत अमेरिका विभाग १ आणि भारत विभाग ५. ब्लू-रेत अमेरिका ए, ब्रिटन बी आणि भारत सी. विभाग जुळला नाही तर साधा प्लेअर डिस्क परत थुंकतो. ४के यूएचडी डिस्कला विभागाचं बंधन नाही, ती कुठूनही मागवा. पण त्याच डब्यात सोबत मिळणाऱ्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं. डब्याच्या मागे छोट्या चौकटीत किंवा पृथ्वीच्या चित्रात अक्षर किंवा आकडा असतो. भावाला त्याचा फोटो आधी पाठवायला सांगा.

फोनवर सगळं मिळतं. डिस्क कशाला?

कारण फोनवरचं आज आहे आणि उद्या नाही. हक्क एका ॲपवरून दुसऱ्यावर जातात, आणि आषाढातल्या रविवारी नेमका हवा तो चित्रपट गायब असतो. शिवाय कोणती प्रत दाखवायची हे ॲप ठरवतं, मूळ मोनो आवाज तिथे क्वचित मिळतो.

आणखी एक कारण आहे. १९६९चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ घ्या. कॉनरी नाही, जॉर्ज लेझनबी हा नवखा, शेवट दुःखाचा. लोकांनी तो दुय्यम मानला. अमेरिकेत एबीसी वाहिनीने १९७६ साली तर प्रसंगांची उलटापालट करून, वर निवेदन चिकटवून दोन रात्रींत दाखवला. स्वित्झर्लंडच्या शिल्टहॉर्न शिखरावरचं ते गोल उपाहारगृह, बर्फावरचा पाठलाग, हेलिकॉप्टरखाली लटकून जॉनी जॉर्डन यांनी टिपलेली दृश्यं, हे सगळं चिंध्या होऊन गेलं. चित्रपट अखंड, रुंद आणि पूर्ण १४२ मिनिटांचा लोकांच्या हातात आला तो डिस्कवर. आज अनेक रसिक त्याला मालिकेतला सर्वोत्तम म्हणतात. मीही त्यांच्यातला एक. अखंड प्रत घरात नसती तर लोकांचा तो जुना निवाडा बदलला असता असं मला वाटत नाही.

पावसाळ्यात कॅसेटना पांढरी बुरशी आली आहे. लावून बघू का?

अजिबात नको. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे धागे दिसले की ती यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. कोकणात आणि गोव्यात तर हा दरवर्षीचा प्रसाद. बाधित कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधा. त्यावर घरचं लग्न किंवा मुंज असेल तर डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या. बाँडपट असेल तर सोडून द्या, नवी प्रत मिळते.

चांगल्या कॅसेट आणि डिस्क दोन्ही पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नकोत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पावसाळ्याआधी बदला. व्हीसीआर चालू असेल तर जपा. जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं.

मुलांबरोबर पाहता येतील का?

दहा-बारा वर्षांच्या पुढे, आणि शेजारी बसून. हिंसा आजच्या मानाने सौम्य आहे. खटकतात त्या दुसऱ्या गोष्टी. ‘गोल्डफिंगर’मधला तबेल्याचा प्रसंग, जिथे बाईचा नकार बाँड मानत नाही, मला आता पाहवत नाही. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये कॉनरीला जपानी दिसावा म्हणून रंगवलं आहे, आणि ‘डॉ. नो’चा अर्धा चिनी खलनायक जोसेफ वाइझमन या गोऱ्या नटाने केला आहे. मी हे प्रसंग पुढे ढकलत नाही. चित्र थांबवतो, मुलीशी बोलतो, मग पुढे जातो. पॉझच्या बटणाचा हा उपयोग मला बाप झाल्यावर कळला.

‘ऑक्टोपसी’मधला भारत पाहून राग येतो. तुम्हाला?

येतो, आणि तरी पाहतो. १९८३चा हा रॉजर मूरचा चित्रपट उदयपूरला चित्रित झाला. लेक पॅलेस आणि डोंगरावरचा मान्सून पॅलेस त्यात डोळे भरून दिसतात. पण गारुडी, निखाऱ्यांवरून चालणारे, तलवार गिळणारे असे सगळे एकाच बाजारात भेटतात, आणि पैसे वाटताना बाँड ‘करी’वर जो विनोद करतो तो ओशाळवाणा आहे.

त्याच चित्रपटात कबीर बेदींचा गोबिंदा आहे: शब्द मोजके, नजर थंड, मुठीत फासा चुरडून पूड करणारा. मूरच्या शेजारी तो उभा राहिला की पडद्याचं वजन त्याच्याकडे कलतं. आणि टेनिसपटू विजय अमृतराज रिक्षाच्या पाठलागात रॅकेटने गुंडांना हाणतो तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडल्या होत्या, हे मी नाकारणार नाही.

कॉनरीचे सगळे पाहून झाले. आता काय?

‘द इप्क्रेस फाइल’, १९६५. बाँडचेच एक निर्माते हॅरी सॉल्ट्झमन, नेपथ्य केन ॲडम, संगीत जॉन बॅरी, संकलन पीटर हंट. म्हणजे मंडळी तीच, आणि चित्रपट पूर्ण उलटा. मायकेल केनचा हेर चष्मा लावतो, पगारवाढीबद्दल विचारतो, बाजारात डबाबंद अळंबी निवडून घेतो, स्वतः स्वयंपाक करतो. नामावलीत तो फक्त झोपेतून उठून कॉफी करत असतो, आणि ते पाहताना नजर हटत नाही.

दिग्दर्शक सिडनी फ्युरी यांनी दिव्याच्या आडून, दाराच्या फटीतून, कुणाच्या खांद्यामागून दृश्यं लावली आहेत. निम्मा पडदा अंधार, माणूस एका कोपऱ्यात. छाटलेल्या प्रतीत तो कोपराच उरत नाही. तेव्हा घेण्याआधी डब्यामागे चौकट बघा. २.३५:१ लिहिलेलं नसेल तर ती प्रत दुकानातच राहू द्या.